तोंडातला सात

म्या शाया आतून पाह्यली ते तिच्या भिताडाले गेरू लावायले गेलो तवा. त्यातबी अर्धी भीत सोडून आलो. मास्तर म्हनले, "वरून खाली लाव." म्या म्हनलं, "मले येते." आन् खालून वर लावत गेलो, त वरचा सारा ओघय खालच्यावर आला. हे माह्यं लहानपनापासूनचं वाक्य. मले येते. पोहता येते म्हनून नदीत उडी मारली आन् म्हशीच्या शेपटाले धरून भायेर निंघालो. बैलाले नाल ठोकता येते म्हनलो, त बैलानं मलेच ठोकलं. लगनाच्या बोलनीत सासऱ्यानं इचारलं, "पोराले काय काय येते?" माह्या बापानं तोंड उघडाच्या आंधी म्याच सांगून टाकलं, "सारंच येते." सासरा भला मानूस. पस्तावला, पन बोलला नाई.

एक गोठ मात्र मले खरंच येत होती, ते म्हनजे मोजनं. आन् तेच मोजनं एका मानसाच्या जिवावर उठलं. ते सांगतो.

मी मापारी होतो. खयावर जवारीची रास पडली का लोकं मले बलावत. पायलीनं रास मोजून पोत्यात टाकायची, हे काम. आता मापाची रीत नीट समजून घ्या, कारन सारा घोटाया त्याच रीतीत हाये. पायली भरता भरता मापारी तोंडानं आकडा बोलत राह्यते. पह्यल्या पायलीले एक म्हनत नाई, लाभ म्हनते. "लाभ, लाभ, लाभ, लाभ..." पायली भरली, पोत्यात उपडी केली, का तोंड बदललं, "दोन, दोन, दोन, दोन..." म्हनजे जो आकडा तोंडात हाये ते पायली अजून हातात हाये. पोत्यात गेली नाई. तोंडातला आकडा म्हनजे होत असलेलं काम, झालेलं नाई. आन् आकडा तोंडात असला का मापारी कोनाशी बोलत नाई. घराले आग लागली म्हनून सांगा, तो "अठरा, अठरा, अठरा" म्हनतच तुमच्याकडं पाह्यन. बोलला, हासला, तमाखूची चंची काढली, का समजायचं माप संपलं.

होयीच्या सनापर्यंत खयं संपत. मंग मी उन्हायाभर घरी. माही बायको म्हने, "दिसभर वसरीत बसून मले मोजता. किती डाव आत गेली, किती डाव भायेर आली. कुठी तरी जाऊन दुसरं काई मोजा ना वं माय!" असं ते आभायाकडं पाहून म्हने, मले नाई.

त्या टायमाले वऱ्हाड मध्यप्रांताच्या दावनीले बांधलेलं होतं. मोठे साहेब नागपूरले बसत, आन् सुरुंगाच्या दारूचा परवाना बुलढान्याहून काढा लागे. देऊळघाटाच्या अलीकडं एका पाटलानं वावरात इहीर खनाले घेतली होती. वरचा मुरूम निंघाला, खाली काया पाषान लागला. घनाले दाद देईना. तवा पाटलानं देऊळगाव राजाकडून सुरुंग लावनारा मिस्त्री आनला. मले कोनीतरी नुसतं येवढंच सांगतलं, "पाटलाच्या इहिरीवर दारू आली." मी धुतलं धोतर नेसून गेलो. तठी पाह्यतो त ते काई पेल्यात घ्याची दारू नोयती. आता आलोच हाओ म्हनून काठावर बसलो, आन् बसल्या बसल्या खालून येनाऱ्या टोपल्या मोजू लागलो. लाभ, दोन, तीन. सवय.

मिस्त्रीनं पाह्यलं. तीस-बत्तीसचा गडी, माह्याहून पंधरा वर्सानं लहान. सुरुंगाच्या आवाजानं त्याचे कान गेलेले. डाव्या कानात काई नाई, उजव्यात जोळ जाऊन बोंबललं त थोडंसं. समोरच्याच्या तोंडाकडं पाहूनच तो बोलनं समजे.

"मामा, तुम्ही मापारी का?" त्यानं इचारलं. त्याची बोली जालन्याकडली, आमच्या 'ले'च्या जागी 'ला' म्हननारी.

"हाव."

"मग माझ्याकडं या ना. मला मोजणारा माणूस पाहिजे."

काम असं होतं. पाषानात पहारीवर घन मारून पाच-सात भोकं पाडायचे. भोकात दारू ठासायची, वात घालायची, वर माती दाबायची. सारे लोकं वर आले का मिस्त्री एकटा खाली राहून वाता पेटवे आन् दोराले धरून वर ये. वाता कमीजास्त लांब, म्हनून बार एकामागून एक उडत. जितके भोकं तितके बार उडाले, का खाली जायले हरकत नाई. एक कमी उडाला, का समजायचं तो मुका बार दगडाखाली दबा धरून बसला हाये. त्याच्यावर पहार पडली, ठिनगी उडाली, का खाली कोन होता ते टोपल्यात भरून आना लागे. मिस्त्रीले बार आयकू येत नोयते, आन् जिमिनीच्या हादऱ्यावरून एक का दोन ते समजत नोयतं. गड्याइचं ध्यान गप्पात, म्हनून आजवर त्याची बायको मोजे. आता तिले आठवा लागला होता, बायंतपनाले माहेरी जायचं होतं.

ते जायच्या दिवशी मले म्हनाली, "मामा, मी कशी मोजते ते एकदा बघून घ्या."

म्या म्हनलं, "पोरी, या हातानं खंड्यागनती जवारी मोजली. तू मले सात मोजायले शिकवशीन?"

बैलगाडी आली. गाडीत बसता बसता म्हनाली, "त्यांचे कान तुमच्याजवळ ठेवून चालले."

"काई फिकर करू नोको," म्या म्हनलं. "कानात सोन्याची बायी घालून परत करतो."

गाडीवाला हासला. ते हासली नाई. गाडी वयनाआड होईपर्यंत ते मांगं पाहून राह्यली होती. मिस्त्रीकडं नाई, माह्याकडं.

पह्यले पंधरा दिवस मजेत गेले. बाराच्या टायमाले आमी निंबाआड उभे राहू. मिस्त्री माह्या तोंडाकडं टक लावून पाहे. मी खयावरल्यावानी सुरू करो, "लाभ, लाभ, लाभ..." धडाम. "दोन, दोन, दोन..." धडाम. जिमीन पायाखाली हाले, निंबाचा पाला गये, इहिरीतून धुयीचा खांब वर जाये. पाच भोकाचे पाच बार झाले का माह्यं तोंड आपोआप पुढं सरके, "सहा, सहा, सहा..."

मिस्त्री पोट धरून हासला. "मामा, सहावा कुठून आणला? घरून?"

गडीबी हासले. एक म्हने, "मापारी बे! पाटलाले वरकड बार देऊन राह्यला!"

दुसऱ्याले हासनं माह्यं काम. माह्यावर कोनी हासलं का मले ते टोचे. तवापासून म्या एक अक्कल केली. आपल्याले भोकं किती ते माईतच हाये, त शेवटचा आकडा तोंडात आला का तठीच थांबायचं, पुढं सरकायचं नाई. म्हनजे सहाव्याची भानगडच नाई. कोनी हासनार नाई.

आता पाहा, म्या काय केलं. आंधी माह्या तोंडात सहा आला म्हनजे पाच उडाले हे पक्कं होतं. आता पाच तोंडात असला त चार उडाले का पाच, ते तोंडाले सांगता येत नोयतं. उंदराले पयायले आपनच बीय ठेवायचं आन् वर मांजरीले म्हनायचं, आता खुशाल झोप, असं ते. पन रोज सारे बार उडत, म्हनून काई समजलं नाई. जे चुकीचं असते ते लय दिवस बरोबर चालते, हे त्याचं वाईट.

तो दिवस वैशाखातला. वारा पडलेला. इहीर आता सहा पुरुस, म्हनजे एकावर एक सहा मानसं उभे राह्यतीन इतकी खोल गेली होती, काठावरून खाली पाह्यलं त मिस्त्रीचं डोस्कं नारयायेवढं दिसे. सकायपासून पारवे इहिरीत उतरायले येत आन् कडेवरूनच माघारी फिरत. सात भोकं होते. त्यातलं एक ओलं लागून राह्यलं, असं मिस्त्री म्हनाला होता. पानी जोळ आलं म्हनून गडी खूस होते. म्याबी खूस. ओल्या भोकात दारूचं काय होते, हे म्या इचारलं नाई. इचारलं म्हनजे येत नाई असं दिसते.

मिस्त्रीनं वाता पेटवल्या, वर आला, आमी निंबाआड गेलो.

"लाभ, लाभ, लाभ..." धडाम.

दोन. तीन. चार आन् पाच जोळजोळ झाले. सहा, सहा, सहा... धडाम. वरून खडे पाचोयावर पडले. मंग शांत. माह्या तोंडात सात. "सात, सात, सात, सात..." मिस्त्री माह्या तोंडाकडं पाहून राह्यला होता.

तेवढ्यात मांगून पाटलाचा आवाज आला. पाटील घोडीवर आला होता. "काय मापारी! किती पायल्या पानी निंघालं?"

आता खयावर राजा जरी आला असता तरी म्या तोंडातला आकडा सोडला नसता. पन इहिरीवरचं काम मले खेय वाटे. पाटलानं इचारलं आन् माह्या तोंडाले गमतीचं उत्तर सुचलं, ते मले राहवलं नाई.

"पाटील, पानी अजून निंघाचं हाये. आमचा घाम निंघाला तो मोजून ठेवला, दीड पायली!"

पाटील हासला. गडी हासले. म्याबी हासलो. आन् मापारी बोलला, हासला, म्हनजे माप संपलं, हे मिस्त्रीले म्याच पह्यल्या दिवशी छाती फुगवून सांगतलं होतं. त्यानं सात पाह्यला, हासनं पाह्यलं, कमरेले दोर बांधला आन् पहार घेऊन इहिरीत उतरला.

मी निंबाखाली बसून तमाखू मयू लागलो. मयता मयता बोट थांबलं.

सातवा उडाला होता का?

म्या आठवून पाह्यलं. सात, सात, सात म्हनत होतो हे आठवे. पाटलाचा आवाज आठवे. मधात धडाम आठवे ना. मंग वाटे, चार आन् पाच जोळजोळ झाले, ते तीन त नसतीन? दोन संग उडाले असतीन त सात झाले. नसतीन त सहा. मले माह्याच डोस्क्यात काई सापडे ना. आपल्याच घरात आंधारात वाट चुकावी, तसं झालं.

आन् आता जे सांगतो ते सांगायले मले आजबी जड जाते. मी उठलो नाई. एक बिडी ओढून होईन इतका टाइम मी तसाच बसून राह्यलो. काऊन? समोर पाटील होता, गडी होते. त्याइच्यापुढं उठून काय म्हनू? "मले सात मोजता आले नाई"? जनमभर एकच गोठ येत होती, तेबी येत नाई म्हनू? म्या मनाले समजावत बसलो, झाले असतीन सात, होतातच, आजवर कवा नाई झाले? खाली मानूस पहार घेऊन उतरला हाये, आन् मी माही इज्जत मांडीवर घेऊन बसलो होतो.

मंग इहिरीतून आवाज आला. टन्न. पहार दगडावर पडली होती.

त्या आवाजानं मी उभा झालो. काठावर गेलो, बोंबललो, "मिस्त्री! थांब! हात लावू नोको!"

खाली तो वाकून दगडाच्या फटीत पहार रुतवून राह्यला होता. त्यानं वर पाह्यलंबी नाई. कसा पाह्यन? त्याले आयकायले येत असतं त मले ठेवलं कायले असतं!

गड्याइले म्हनलं, "दोर ओढा! वर घ्या त्याले!"

"काऊन बे मापारी? घाम कमी पडला का?" एकजन म्हनला. सारे पुन्यांदा हासले. म्या हात जोडले, तरी हासले. म्या हात जोडले म्हनून त जास्तीच हासले. वीस वर्स लोकाइले हासवून ठेवलं होतं, आता त्याइले थांबवाचं कसं ते मले ठाऊक नोयतं.

दगड टाकाची हिंमत होईना, कुठी पडन आन् काय होईन. म्या डोस्क्याचा पटका सोडला, गोया केला, खाली फेकला. तो बरोबर मिस्त्रीच्या पाठीवर पडला. त्यानं वर पाह्यलं. मी हात हालवले, तोंडावर हात मारला, बोटं दाखवले, सहा का सात, सहा का सात. इतक्या दुरून त्याले माह्यं तोंड काय दिसन! त्यानं पटका उचलला, डोस्क्यावर ठेवला आन् पाटलावानी मिशीले पीय देऊन मले रामराम केला. मंग पटका बाजूले ठेवून पुन्यांदा पहार धरली.

मी दोराले लोंबकयलो.

इहिरीत उतरायचं कसं ते म्या महिनाभर पाह्यलं होतं, आन् "मले येते" म्हनून कवाच शिकलो नोयतो. दोर पायात घ्या लागते हे मले अर्ध्यावर समजलं. तवरोक हाताची साल गेली होती. धोतर कुठी तरी दगडाले अडकलं ते वरच राह्यलं. असा मी, लंगोटावर, हात सोलून, मिस्त्रीच्या पुढ्यात धपकन पडलो. त्याची पहार फटीत होती, जोर द्यासाठी त्यानं आंग मांगं झोकलं होतं. म्या दोन्ही हातानं पहार धरली.

तो आंधी हासला, माह्या अवतारावर. मंग माह्या तोंडाकडं पाह्यलं, आन् त्याचं हासनं गेलं.

म्या सहा बोटं दाखवले. सात दाखवले. मान हालवली. आन् एकेक अक्षर सुटं करून म्हनलं, "मले. ठाऊक. नाई."

जनमात हे वाक्य म्या पह्यल्यांदा बोललो असन. बोलता येईना, ओठ थरथरत होते. मले भेव वाटलं का तो ओठ नीट वाचन का नाई.

त्यानं वाचलं. निजलेल्या लेकराच्या मानेखालचा हात काढावा तशी त्यानं पहार फटीतून काढली. फटीतून खडा घरंगयला, आमी दोघंबी जागच्या जागी थिजलो. मंग त्यानं माह्याच कमरेले दोर बांधला आन् वरच्याले हात केला. मी नोको म्हनत होतो, पह्यले तू, पह्यले तू. त्यानं आयकलं नाई. आयकत नोयताच. मी वर जाता जाता खाली पाहून राह्यलो होतो. तो मधात उभा होता, पाय न हालवता, आन् चहूकडून फुटलेला काया दगड. दोर परत खाली जाईपर्यंतचा तो टाइम मले कोनत्याच मापानं सांगता येनार नाई.

तो वर आला तवा म्या सोललेल्या हातानं त्याच्या कमरेची गाठ सोडली.

मिस्त्रीनं पाटलाले सांगतलं, मुका बार असू शकतो, आधी पाणी ओतायचं, दारू भिजली पाहिजे.

पाटील म्हने, "पानी? इहिरीत? अरे पान्यासाठी इहीर खनून राह्यलो ना मी!"

"मालक, पाणी ओतल्याबिगर मी उतरणार नाही."

"आन् बार नसन त?"

मिस्त्रीनं माह्याकडं पाह्यलं. म्या म्हनलं, "असन का नसन, मले ठाऊक नाई, पाटील." दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदाबी तितकंच जड गेलं.

मंग वैशाखाच्या उन्हात साऱ्या गावानं जे पाह्यलं ते कोनत्याच गावानं पाह्यलं नसन. लोकं गावच्या झिऱ्यावरून घागरी भरून आनत आन् कोरड्या इहिरीत ओतत. बाया इचारत, "हे काय वं?" गडी सांगत, "मापाऱ्याले सात मोजता येत नाई, म्हनून." माही बायकोबी डोस्क्यावर घागर घेऊन आली. घागर ओतली, माह्याकडं पाह्यलं, म्हनाली, "घरी मले मोजत होते तेच बरं होतं." किती घागरी ओतल्या ते मले इचारू नोका.

दोन दिवस दगड भिजू दिला. तिसऱ्या दिवशी मिस्त्री उतरला. पहार नेली नाई, हातानं एकेक दगड उचलू लागला. दुपारच्या वक्ती त्यानं दोर हालवला. वर आला आन् माह्यासमोर उजव्या हाताचं बोट धरलं. बोटाले कायी चिखली लागली होती. वास आला, जयक्या गंधकाचा. ते ओलं भोक. ओलीनं वात अर्धी जयून इझली होती, पन आतली दारू त्या दिवशी कोरडीच होती, आता ओतलेल्या पान्यानं भिजली होती. म्या इचारलं, पहार कुठी होती आन् भोक कुठी. त्यानं जिमिनीवर वीत मांडून दाखवली. एकच वीत.

म्या म्हनलं, "मिस्त्री, मी चाललो. दुसरा कोनी पाह्य. ज्याले मोजता येते असा."

त्यानं ते बोट मातीत पुसलं. "मामा, ज्याला मोजता येतं त्याचीच मला आता भीती वाटते. तुम्हीच बसा. पण तोंड बंद."

त्यानं मले मोजायले शिकवलं, पंचेचाळीसच्या वयात. ओठ मिटायचे. बार आयकायचा. आयकल्यावर एक बोट मुडपायचं, त्याच्याआंधी नाई. संशय आला त बोट उभं ठेवायचं. येवढंच. मले ते शिकायले आठ दिवस लागले, कारन बार उडाच्या आंधीच माह्यं बोट वाके. खयावरची वीस वर्सं त्या बोटात बसली होती. मिस्त्री टोपल्यावर दगड आपटून मले शिकवे, मी चुको, तो मान हालवे, परत आपटे. गडी तमाशा पाहत. आता माह्यावर हासत, ते टोचे, पन मी बोट पाहत बसो.

पुढं आयुष्यात कोनी काई दाखवाले लागलं का मी जीभ दातात धरो. साठीत नातीजोळ अक्षरं शिकलो. म्या ख काढला त ते म्हने, "आबा, हा ख नाई, हा रव झाला. अजून एक काना द्या, शिरा करू." मी पुसला, परत काढला. पन हे लय पुढचं.

त्या इहिरीवर पुढचे भोकं पाच होते. मी निंबाआड उभा राह्यलो, ओठ मिटून. धडाम. बोट. धडाम. बोट. तिसरा, चौथा. चार बोटं मुडपले. अंगठा उभा. वारा नोयता. पारवेबी नोयते. मी आयकत राह्यलो. कान दुखेपर्यंत आयकत राह्यलो.

पाटील आलेला होता. "झाले का बे मापारी?"

म्या ओठ उघडले नाई. अंगठा दाखवला.

"अबे दोन संग उडाले असतीन ना!"

"असतीन," म्या म्हनलं. "मले ठाऊक नाई."

"मंग पुन्यांदा पानी? पुन्यांदा तीन दिवस? तुह्या एका आंगठ्यापायी?"

मिस्त्री माह्या तोंडाकडं पाहून राह्यला होता. त्यानं कमरेचा दोर सोडला, निंबाखाली बसला आन् भाकरीचं फडकं उघडलं. पाटील घोडी फिरवून निंघून गेला, जाता जाता काय काय बोलला ते बरं झालं मिस्त्रीले आयकू आलं नाई.

पानी ओतलं. दोन दिवस थांबलो. तिसऱ्या दिवशी मिस्त्री हातानं दगड काढायले उतरला. म्या काठावर दोर धरला. गडी म्हने, "मापारी, काई तरी बोल ना गा. लय शांत लागून राह्यलं." म्या बोललो नाई. खालून दगडाले दगड घासल्याचा आवाज येऊन राह्यला होता. आवाज येई तवा भेव वाटे, थांबे तवा जास्ती वाटे. दोर एकडाव हालला, म्हनजे टोपलं भरलं. म्या ओढलं. टोपल्यात निसते दगड होते, पाचवा बार खाली होता का नोयता ते अजून ठाऊक नोयतं. ते रिकामं केलं आन् हयूच, काठाले न आपटता, परत खाली सोडलं.